पाच मुठी तांदूळ

घटस्थापना झाली तरी पाऊस हटायला तयार नव्हता. खिंडवाडीत ओढ्यालगत कृष्णात चौगल्याचं तीस गुंठे हळवं, लवकर तयार होणारं भात पिकून उभं होतं. उभं कसलं, निम्मं आडवंच झालं होतं. लोंब्या चिखलात लोळत होत्या. आणखी आठवडाभर हेच चाललं असतं तर दाण्याला जागेवर मोड फुटले असते. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसानं विळा घेऊन रानात असायला हवं. कृष्णात मात्र रोज सकाळी सहाला डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ ओढून गाडीला किक मारायचा आणि राधानगरी रस्त्यानं तीस किलोमीटरवरच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत निघून जायचा.

रानात त्याची बायको शालूबाई आणि म्हातारी आई तानाबाई, दोघीच. पाऊस तासभर उघडला की दोघी वाफ्यात उतरायच्या, पडलेलं भात एका हातानं उचलून धरायच्या, दुसऱ्या हातानं कापायच्या आणि ओल्या पेंढ्या बांधावर आणून उभ्या करायच्या. शेजारचा सयाजी जाता-येता टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. मालक बाँब करायला गेलेत काय, असं तो विचारायचा. शालूबाई त्याला उत्तर द्यायची नाही. उत्तर द्यायला कंबर सरळ करावी लागते, आणि एकदा सरळ केलेली कंबर पुन्हा वाकायला कुरकुरते.

सयाजीच्या डोक्यात बाँब आला तो काही उगीच नव्हता. कृष्णात अठ्ठावीस वर्षं विजयसिंह मालकांच्या फौंड्रीत मोल्डर होता. लाकडी नमुन्याभोवती वाळू ठोकून साचा करायचा, ओतलेल्या वस्तूच्या पोटात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचाच गाभा बसवायचा, त्याला तिथं कोअर म्हणतात, आणि मग वरून वितळलेला धातू ओतायचा. कोल्हापूरच्या भोवती हे काम करणारे हजारांनी आहेत आणि प्रत्येकाला आपल्याइतकं कुणालाच जमत नाही असं वाटतं. कृष्णातला तसं वाटायचं नाही. त्याला ते माहीतच होतं.

यंदा मालकांनी आणलेलं काम वेगळं होतं. परदेशातल्या एका अणुवीज केंद्रात गार पाण्याच्या नळावर बसणारा व्हॉल्व्ह. त्याची सहाशे किलोची स्टेनलेसची बॉडी, म्हणजे बाहेरचं कवच. पहिली बॉडी पास झाली की पुढच्या चाळीस करायला मिळणार होत्या. नापास झाली की असली कामं ज्यांना मिळतात त्यांच्या यादीतून फौंड्रीचं नाव कायमचं जाणार होतं. मालक तीन वर्षं त्या यादीच्या मागं होते. एवढ्यासाठी त्यांनी एका खोलीला पांढरी फरशी घातली होती आणि दाराला पारदर्शक पडदा लावला होता. घरच्या देवघरालासुद्धा त्यांनी एवढी फरशी घातली नव्हती.

हे सगळं घरात समजावून सांगायचं काम अनुजाकडं आलं. अनुजा म्हणजे कृष्णातची थोरली. धातुशास्त्राचा डिप्लोमा करून ती त्याच फौंड्रीत तपासणी खात्यात लागली होती. बाप साचा करायचा आणि लेक त्यातून निघालेलं तपासायची. गावात याची थट्टा व्हायची, पण थट्टा करणाऱ्यांच्या पोरी अजून घरी होत्या.

चुलीपुढं बसून अनुजानं सांगितलं की मोबाईलला आपण काहीही विचारतो आणि तो उत्तर देतो, ते उत्तर मोबाईलमधून येत नाही. परदेशात मोठमोठ्या शेडमध्ये हजारो यंत्रं बसवली आहेत, ती विचार करतात, आणि एकेक शेड कोल्हापूर शहराएवढी वीज खाते. ती वीज आणायची कुठून म्हणून त्या कंपन्यांनी बंद पडलेली अणुवीज केंद्रं पुन्हा चालू करायला घेतली आहेत. तानाबाई भाकरी थापत ऐकत होती. आपल्या मोटरीला आठवड्यातले निम्मे दिवस वीज नसते आणि तिकडं नुसत्या विचाराला एवढी लागते, याचं तिला नवल वाटलं नाही. विचार करणाऱ्याला जास्तच लागणार, असं ती म्हणाली. तिला एवढंच कळून घ्यायचं होतं की आपल्या पोरानं केलेली वस्तू तिथं काय करणार. अनुजा म्हणाली, पाणी सोडणार आणि धरणार. तिथलं पाणी चुकलं तर सगळंच चुकलं.

"म्हंजी धरणाच्या दारागत," तानाबाई म्हणाली. आणि तिचं समाधान झालं. लग्न होऊन आल्यापासून पंचावन्न वर्षं ती राधानगरीची दारं आपोआप उघडलेली ऐकत होती. धरण भरलं की गावातल्या बायका नदीची ओटी भरायला जायच्या, त्यात ती पुढं असायची.

पहिली बॉडी ऑगस्टमध्ये ओतली होती. ती नापास झाली. एक्स-रेमध्ये पोटाच्या जाडीत तिळाएवढं छिद्र दिसलं. पाण्याच्या पंपाला ते चाललं असतं. इथं तीळसुद्धा चालत नव्हता. त्या वेळी गिऱ्हाइकातर्फे पुण्याहून तपासनीस आले होते, दत्तप्रसाद नावाचे. चेहऱ्यानं भले, बोलायला कमी. त्यांनी एक छापील कागद काढला आणि कृष्णातला समोर उभं करून विचारत गेले. नाव, वय, किती वर्षं काम. मग शिक्षण. कृष्णात म्हणाला, आठवी. साहेबांचं पेन थांबलं. मोल्डिंगचं एखादं सर्टिफिकेट आहे का, असं त्यांनी विचारलं. ते नव्हतं. मग तुम्हाला काम येतं हे कशावरून लिहू, असं साहेबांनी विचारलं. ते हिणवायला विचारत नव्हते, कागदावर तसा रकानाच होता. पण खात्यातली सगळी पोरं ऐकत होती. कृष्णातनं आधी आपल्या हातांकडं बघितलं आणि मग ते हात पाठीमागं घेतले. रकाना मोकळाच राहिला.

चार दिवस तो घरात धड जेवला नाही. म्हशीच्या धारा काढताना एकदा अनुजाला म्हणाला की वाळू ओली होती, पावसाळ्यात वाळूला हवेतलाच ओलावा लागतो, हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या बॉडीला तो मालकांच्या मागं लागून वाळू तापवून घ्यायला लागला. चिमूट घ्यायची, तळहातावर दाबायची, फुंकर मारायची, मगच साच्यात टाकायची. कोअरमध्ये एक कोपरा त्याला पहिल्यापासून खुपत होता. व्हॉल्व्हची झडप ज्या कड्यावर टेकते त्या कड्याच्या मागं नमुन्यात धारदार कोपरा होता. तिथं वाळू टिकणार नाही, तिथं गोलाई पाहिजे, असं त्याचं म्हणणं. एके काळी त्यानं गुपचूप अंगठा फिरवला असता आणि काम संपलं असतं. आता अनुजानं त्याला अडवलं, त्या गोलाईचं चित्र काढलं, ते पुण्याला गेलं, तिथून परदेशात गेलं, आणि बारा दिवसांनी अंगठ्याएवढी गोलाई द्यायची लेखी परवानगी आली. कृष्णातला हे हास्यास्पद वाटलं, पण परवानगीवर मोल्डरचं नाव होतं म्हणून तो हसला नाही.

दुसरी बॉडी सप्टेंबरच्या शेवटी ओतली. एक्स-रे स्वच्छ आला. कुठंही काही नाही. मालकांनी पेढे वाटले. बॉडी घासून, धुऊन पडद्याआडच्या पांढऱ्या खोलीत ठेवली. तिथं पांढरे हातमोजे घातल्याशिवाय जायचं नाही, साधा लोखंडी ब्रश न्यायचा नाही, खडूनं खूण करायची नाही, घामाचा हात लावायचा नाही. स्टेनलेसला मिठाचा अंश लागला तर वर्षानुवर्षांनी त्यात भेग जाऊ शकते. आणि पोटात बाहेरची वस्तू राहता कामा नये. नळातून वाहत गेलेला एक खिळासुद्धा पुढं जाऊन घात करतो. अनुजानं हे सगळं मराठीत लिहून दारावर लावलं होतं. कृष्णातनं ते दोनदा वाचलं होतं.

मग खंडेनवमी आली.

त्या दिवशी फौंड्रीत अवजारांची पूजा असते आणि कामगारांच्या घरचे लोक येतात. भट्टीला तोरण, क्रेनला ऊस, ठोकण्यांना झेंडूच्या माळा. पांढऱ्या खोलीच्या पडद्याला बाहेरून हार घातला होता, आत काही न्यायचं नाही असं मालकांनी बजावलं होतं. तानाबाई आदल्या रात्री पुतण्याच्या जीपची खात्री करून झोपली होती. ठेवणीतलं लुगडं नेसून, कनवटीला पुरचुंडी खोचून ती आली. पुरचुंडीत नव्या भाताचे तांदूळ होते. ओढ्याकडेच्या वरच्या टोकाला चार पेंढ्या बऱ्यापैकी कोरड्या निघाल्या होत्या. त्या चुलीच्या वर टांगून सुकवून तिनं उखळात स्वतः कांडल्या होत्या. नवं धान्य घरात शिजायच्या आधी ज्याचं त्याला द्यायचं, हा तिचा रिवाज.

अनुजा प्रसादाच्या रांगेत पोरांना नैवेद्य वाढत होती. आईनं बॉडी बघायची म्हटल्यावर कृष्णातनं तिला पडद्याआड नेलं, तिच्या हातात मोजे घातले, आणि तिच्यापुढं ती वस्तू उभी राहिली. कमरेएवढी, चांदीसारखी लख्ख, तीन तोंडांची. अठ्ठावीस वर्षं पोरगा काळा होऊन घरी यायचा, त्याच्या बनियनला वाळू चिकटलेली असायची, ती रोज दगडावर आपटून धुवायची. तो नेमकं काय करतो हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

तिनं मोजे काढले आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. कृष्णातला कळलं ती काय करणार. दारावरचा कागद त्याला तोंडपाठ होता. नको म्हणायला त्यानं तोंड उघडलंसुद्धा. पण आईचा चेहरा असा झाला होता की ते त्यानं परत मिटलं. तिनं बॉडीच्या कपाळावर हळदीकुंकवाचं बोट लावलं, वरच्या तोंडातून पाच मुठी तांदूळ आत सोडले, नारळाचं पाणी तळहातावर घेऊन शिंपडलं आणि हात जोडले.

मग घाईघाईनं कृष्णातनं मोजे घालून सगळे तांदूळ खरवडून बाहेर काढले आणि तिच्या पदरात दिले. कुंकू धुतलेल्या फडक्यानं पुसलं. फुंकर मारून बघितलं. काही उरलेलं दिसलं नाही. कुणी बघितलं नव्हतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस एकदाचा उघडला आणि फौंड्रीला सुट्टी होती. भावकीतल्या सहा बायका पैऱ्यानं आल्या. आज यांच्या रानात, उद्या त्यांच्या. अनुजा आणि कृष्णातही विळा घेऊन उतरले. दुपारपर्यंत निम्मं रान मोकळं झालं. पाठी भरून आल्या, पायांची बोटं चिखलानं पांढरी पडली. तानाबाई मात्र खुशीत होती. कापता कापता ती बायकांना सांगायला लागली की नदीची ओटी तर तुम्ही सगळ्याच भरता, म्या माज्या किसनाच्या दाराची भरली, पाच मुठी नवे तांदूळ, आतल्या पोटात.

अनुजाचा विळा थांबला. तिनं आजीला पुन्हा विचारलं. आजीनं पुन्हा, आणखी रंगवून सांगितलं.

अनुजा सरळ बापाकडं गेली. तो बांधावर पेंढ्या रचत होता. तिचा चेहरा बघून त्यानं काय ते ओळखलं. सोमवारी दत्तप्रसाद साहेब शेवटच्या तपासणीला येणार होते, आणि बॉडी आतून-बाहेरून स्वच्छ आहे या कागदावर सही अनुजाला करायची होती. ती म्हणाली की मला हे लिहावं लागेल.

"सगळं काडलंय म्या. हातानं. एकबी दाना न्हाय आत."

"आबा, तुमी बघितलंय व्हय आत? डोळं पोचत्यात तितं?"

कृष्णात चिडला. चोवीस वर्षांत लेकीवर आवाज चढवायची वेळ आली नव्हती, ती आली. तो म्हणाला की त्या माणसानं एकदा मला आठवी आठवी म्हणून दहा जणांत उभं केलंय, आता आईच्या नावानं अडाणी म्हणवून घ्यायला पुन्हा उभा राहू काय. धुतली की झालं. मालकांनाही तेच पाहिजे असेल. बापाची अब्रू घालवायला तुला शिकवलं नाही.

अनुजा रडली नाही. तिनं पेंढी उचलून रचली आणि म्हणाली, "मग मी सही करत न्हाय. दुसऱ्या कुणाची तरी घ्या." आणि वाफ्यात परत जाऊन कापायला लागली. उरलेला दिवस बापलेक एकाच रानात होते, पण एका ओळीत नव्हते.

सोमवारी सकाळी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली तेव्हा कृष्णात तिच्या मागं गेला, काही बोलणार नाही असं ठरवून. तिनं सगळं सांगितलं. विजयसिंह मालक माणूस वाईट नव्हते. पण तीन वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढं आली. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि हळूच विचारलं की कुणी बघितलंय का. मग म्हणाले, धुऊन घ्या परत, आणि विषय बंद करा. साहेब दहाला येतायत.

अनुजा टेबलापुढं उभी होती. चोवीस वर्षांची पोर. मालकांसमोर त्या केबिनमध्ये कृष्णात स्वतः कधी मान वर करून उभा राहिला नव्हता. ती म्हणाली की धुतलं असं मी लिहीन, पण कशामुळं धुतलं तेही लिहीन. नाहीतर सही माझी नसेल. आवाज वाढला नाही, थरथरलाही नाही. तिचे हात तिनं पाठीमागं घेतले नव्हते. ते टेबलावर होते, बोटांना विळ्याचे ताजे काप पडलेले.

कृष्णातला रानात ज्या गोष्टीचा राग आला होता तिचाच आता अभिमान वाटत होता, आणि अभिमान इतका की त्याला तो लपवता येईना.

"मालक," तो म्हणाला, "तिनं कशाला सांगायचं? क्येलंय म्या. म्याच सांगतो."

दत्तप्रसाद साहेब आले तेव्हा तो दारातच उभा होता. त्यानं टोपी काढली आणि आईनं काय केलं, आपण बघत का राहिलो, मग काय काढलं आणि कशानं पुसलं, सगळं क्रमानं सांगितलं. साहेबांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. या कामात माझी तेवीस वर्षं गेली, ते म्हणाले. आत पडलेला पाना लपवणारे बघितले, तुटलेला ब्रश लपवणारे बघितले. स्वतःहून सांगायला आलेला माणूस मोजून दुसरा. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि विचारायला सुरुवात केली. किती तांदूळ आत गेले? किती बाहेर आले?

ते कृष्णातला सांगता येईना. म्हणून तानाबाईला आणायला जीप गेली. ती आली ती पुरचुंडी घेऊनच. ओटीचे तांदूळ दुसऱ्या तांदळात मिसळायचे नसतात, म्हणून तिनं ते वेगळे बांधून ठेवले होते. साहेबांनी अदबीनं विचारलं की आजी, यात किती दाणे असतील.

"दानं कोन मोजतंय, पावणं? वटी मुठीनं भरत्यात."

साहेब हसले नाहीत. त्यांनी 'पाच मुठी' असंच लिहिलं. ओटीला इंग्रजीत काय म्हणायचं, असं त्यांनी अनुजाला विचारलं. ती म्हणाली, ओटीच लिहा.

आता आत काही राहिलंय का ते बघायचं होतं. बोटाएवढ्या नळीच्या टोकाला कॅमेरा आणि दिवा, अशी वस्तू पुण्याहून त्यांच्याबरोबर आली होती. ती तोंडातून आत सोडली. पडद्यावर नुसता चकचकाट. दिव्याचा उजेड स्टेनलेसवर पडून परत डोळ्यांत यायचा. नळी चालवणारा पोऱ्या हुशार होता, पण पोटात तीन वळणं होती आणि त्याला कुठं आहोत तेच कळेना. पाऊण तास गेला. काही सापडलं नाही. मालकांच्या जिवात जीव आला. ते म्हणाले की म्हणजे स्वच्छच आहे.

"न्हाय," कृष्णात म्हणाला. "चुकीच्या जागी बघालाय."

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो पडद्याकडं बघतच नव्हता. त्यानं डोळे मिटले होते आणि उजवा हात हवेत धरला होता, जणू कोअर पुन्हा पुढ्यात आहे. ते पोट त्यानं उलटं बघितलं होतं. जिथं आता पोकळी होती तिथं त्याच्या हाताखाली वाळू होती. बारा दिवस परवानगीची वाट बघून ज्या कोपऱ्यावर त्यानं अंगठा फिरवला होता तो कुठं आहे हे त्याच्या अंगठ्याला माहीत होतं.

"फुडं घ्या. कड्याच्या मागं. आता डावीकडं वळवा, आनी खाली. आजून खाली. तितं गोलाई हाय माझ्या अंगठ्याची. काय ऱ्हायचं असंल तर तितंच ऱ्हातंय."

पोऱ्यानं नळी वळवली. दिवा एका गोल खळग्यात उतरला. तिथं दोन दाणे होते. हातकांडणीचे, कोंडा चिकटलेले, तांबूस, पडद्यावर खारकेएवढे दिसत होते.

कृष्णातनं डोळे उघडले नव्हते. तो म्हणाला, याच्या समोरच्या अंगाला असाच दुसरा कोपरा आहे. नळी तिकडं गेली. तिथं एक दाणा होता.

तिन्ही दाणे नळीनं ओढून काढले आणि साहेबांनी ते एका छोट्या पिशवीत घालून त्यावर तारीख लिहिली. मालक कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. ते उठले आणि खुर्ची त्यांनी अनुजाकडं सरकवली. तानाबाईनं तेवढ्यात तिच्या तांदळांचं काय करायचं ते विचारून घेतलं. पुरचुंडीतले परत मिळतील, पिशवीतले तीन नाहीत, असं साहेबांनी सांगितलं. तिला ते मान्य झालं.

बॉडी शुद्ध पाण्यानं तीन वेळा धुतली. नारळाच्या पाण्यातही मीठ असतं, म्हणून जिथं ते शिंपडलं होतं तिथले नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले. तीन दिवस थांबावं लागलं. कृष्णात त्या तीन दिवसांत उरलेलं भात कापायला रानात होता, आणि मोबाईल कधी नव्हे तो बनियनच्या खिशात होता. शालूबाई म्हणाली की निदान त्या निमित्तानं तरी नवरा रानात दिसला. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मिठाचा अंश नाही. बॉडी पास. पुढच्या चाळीस चौगल्यांच्या हातच्या.

संध्याकाळी अनुजा घरी आली तेव्हा खळ्यावर झोडपणी चालली होती. पैऱ्याच्या बायका होत्या, सयाजीही खाटेवर पेंढ्या आपटायला आला होता. तिनं पिशवीतून एका कागदाची प्रत काढली. बॉडीबरोबर जी फाईल परदेशात जाणार होती त्यातला हा कागद. केंद्र जितकी वर्षं चालेल, साठ म्हणतात, तितकी वर्षं ती फाईल तिथं ठेवणार. दारावरच्या यादीत तिनं सकाळीच हळद, कुंकू, तांदूळ, नारळ हे चार शब्द वाढवले होते, आणि खाली लिहिलं होतं की पूजा लाकडी नमुन्याची करावी. ते साहेबांचंच सुचवणं.

तानाबाईनं मोठ्यानं वाचायला सांगितलं. अनुजा इंग्रजीचं मराठी करत वाचत गेली. ओटी भरणारी, श्रीमती तानाबाई दादू चौगले, मुक्काम खिंडवाडी. पाच मुठी नवे तांदूळ. स्वतःहून सांगणारा, कृष्णात दादू चौगले, मोल्डर. तीन दाणे सापडले. ते कुठं असतील ते मोल्डरनं आत न बघता सांगितलं. याच्या खाली ऑगस्टमधला तो मोकळा रकाना होता, काम येतं हे कशावरून, आणि त्यात दत्तप्रसाद साहेबांनी आपल्या हातानं लिहिलं होतं, वरीलवरून. खाली सही, अनुजा कृष्णात चौगले.

कृष्णातनं ती मोल्डरची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग त्यानं विचारलं की तुझी सही कुठं आहे, आणि तिनं बोट दाखवलं तिथं तो बराच वेळ बघत राहिला. सयाजीनं विचारलं की म्हणजे हे नाव साठ वर्षं तिकडं राहणार का. राहणार, अनुजा म्हणाली.

तानाबाईनं कागद हातात घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण पहिली ओळ कुठली ते तिनं विचारून घेतलं आणि तिच्यावर भाताच्या धुळीचं बोट ठेवलं.

"सातबाऱ्यावर माझं नाव चढलं ते घरधनी गेलं तवा," ती म्हणाली. "ह्ये म्या केलं म्हनून चढलंय."

कागद तिनं अनुजाकडं परत दिला नाही. घडी घालून पुरचुंडीत, त्या तांदळांतच ठेवला, पुरचुंडी कनवटीला खोचली आणि शालूबाईच्या हातातली पेंढी घेऊन झोडपायला उभी राहिली.